भिंतीला टेकलेले

अंड्याला खिडकी पाडायची तर आधी त्यातलं थोडं पांढरं सुईने ओढून घ्यावं लागतं. मग बलक खाली बसतो, त्याच्यावरचा गर्भ कवचापासून सुटतो आणि वरून कात्री चालवता येते. हे न करता जो कात्री लावतो त्याच्या हाती कवचाबरोबर गर्भाचाही तुकडा येतो. प्रयोगशाळेत नवीन आलेला प्रत्येक जण ही चूक एकदा करतो आणि सर त्याला एकदाच माफ करतात. मास्तरीणने ती कधी केली नाही. शाळेत कित्येक वर्षं मुलांच्या हातून कात्रीने कागद सरळ कापून घेतल्यावर ती संशोधनाकडे वळली होती. तिच्या हाताला घाई ठाऊक नव्हती. शाळा सुटली तरी नाव सुटलं नाही. इथेही सगळे तिला मास्तरीणच म्हणत.

खिडकीतून आत पाहिलं तर सुरुवातीला काहीच दिसत नाही. पिवळ्यावर पिवळं. म्हणून गर्भाच्या खाली बारीक सुईने काळी शाई सोडायची. मग फळ्यावर खडूने काढावा तसा गर्भ उमटतो आणि त्याचं ठिपक्याएवढं हृदय चालू असलेलं दिसतं. फळा आणि खडू, म्हणून मास्तरीणला हे काम पहिल्याच दिवशी आपलं वाटलं.

त्यापुढचं काम शिंप्याचं. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचं शरीर तेवढं कापून काढायचं आणि त्या जागी बटेरीच्या, म्हणजे लाव्यासारख्या छोट्या पक्ष्याच्या, गर्भाचं शरीर बसवायचं. कडा नीट जुळल्या तर सांधा धरतो. मग जे वाढतं त्याचं शरीर बटेरीचं, आणि ते ज्या बलकावर पोसतं त्याचं आवरण कोंबडीचं. एवढा खटाटोप एका प्रश्नासाठी होता. मेंदूत राखणदार पेशी असतात. मेलेलं-सडलेलं उचलतात, जंतू शिरला तर त्याला गिळतात. पण त्या मेंदूच्या स्वतःच्या नव्हेत. गर्भ लहान असतानाच बाहेरून येऊन राहतात. येतात कुठून? बलकाच्या आवरणात जे पहिलंवहिलं रक्त तयार होतं त्यातून, की नंतर शरीराच्या आत तयार होणाऱ्या रक्तातून? या सांधलेल्या गर्भाच्या मेंदूत कोंबडीच्या पेशी निघाल्या तर त्या बलकाकडच्या, बटेरीच्या निघाल्या तर शरीराकडच्या. निळा रंग सगळ्याच राखणदारांना चढायचा. तपकिरी रंग मात्र फक्त बटेरीच्या रक्ताच्या गोतावळ्याला चढायचा. कोंबडीच्या पेशीला तो शिवतही नसे. उत्तर डोळ्यांना दिसणार होतं.

सरांच्या मते ते केव्हाच दिसलं होतं. तरुणपणी त्यांनीच ते शोधलं, त्यावर नाव मिळवलं, आणि आता निवृत्तीला आले तरी वर्गात ते सांगताना त्यांचा आवाज चढत असे.

"हे मेंदूचे घरजावई!" ते म्हणत. "बाहेरून आले, आत शिरले, पाय पसरले, आणि परत जायचं नाव नाही. आणि लक्षात ठेवा, सगळेच्या सगळे एकाच घरचे. बलकाकडचे."

वर्ग हसायचा. शब्द इतका रुळला की प्रयोगशाळेत पेशींचं शास्त्रीय नाव कोणी घेईनासं झालं. 'आज घरजावई छान रंगलेत', 'माझे घरजावई धुऊन गेले', असं चालायचं. मास्तरीणही हसायची, पण इतरांपेक्षा क्षणभर उशिरा. तिचा नवरा खरोखरच तिच्या आईच्या घरी राहत होता.

आता तपकिरी रंगाची एक खोड होती. तो बटेरीच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींनाही चढायचा, आणि निळाही भिंतींना सोडत नसे. मेंदूत रक्तवाहिन्यांचं जाळं. त्यामुळे मेंदूच्या पातळ कापात जिकडेतिकडे तपकिरी रेघा दिसत. एखादा तपकिरी ठिपका त्या रेघेला लागून दिसला, तर तो राखणदार की भिंतीचाच तुकडा? त्यासाठी सरांनी फार पूर्वी एक नियम करून ठेवला होता: भिंतीला टेकलेलं ते भिंतीचं. नवीन आलेल्याला तो पाढ्यासारखा पाठ करावा लागे. त्याला एक पुरवणीही होती. तपकिरी ठिपका एकटाच दिसला, कुठेच टेकलेला नसला, तर ते तिरप्या कापलेल्या वाहिनीचं टोक समजायचं.

मास्तरीणचा प्रबंध लिहून झाला होता. नोंदणीची मुदत या सत्राअखेर संपत होती. सरांची सही तेवढी राहिली होती, आणि सहीच्या आधी वयाने मोठ्या गर्भांची शेवटची मोजणी. ती करताना एक दिवस तिने मायक्रोस्कोपवरून डोळे काढले आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली.

हा प्रयोगशाळेतला सगळ्यात जुना संशोधक. कोणी काहीही विचारलं तरी तो 'जरा सांभाळून' म्हणायचा, म्हणून त्याचं नावच 'सांभाळून' पडलं होतं.

"सांभाळून, इकडे ये. हे बघ. याला फांद्या फुटल्यात."

त्याने डोळा लावला. "हं. भिंतीला टेकलाय. भिंतीचा."

"भिंतीला फांद्या कधीपासून फुटायला लागल्या?"

"अगं, टेकलाय ना?"

"मी तुझ्या टेबलाला टेकून उभी आहे. मी टेबल आहे का?"

सांभाळून हसला, पण त्याने आधी दाराकडे पाहून घेतलं. "आणि हा सुटा?" तिने काप सरकवला. "हा तर कशालाच टेकलेला नाही."

"मग तिरपं टोक."

"म्हणजे टेकला तरी भिंतीचा, नाही टेकला तरी भिंतीचा. उद्या शरीराकडून आलेला खराखुरा बटेरीचा राखणदार समोर येऊन उभा राहिला, तर या नियमात त्याला उभं राहायला जागा कुठे आहे?"

सांभाळूनने चष्मा काढून पुसला. तो स्वतः हाच नियम लावून डॉक्टर झाला होता. त्याच्या आधीचे सगळे तसेच झाले होते. "मास्तरीण," तो हळू आवाजात म्हणाला, "तुझं गलबत किनाऱ्याला लागलंय. आता त्याला भोक पाडू नकोस. जरा सांभाळून."

तिने भोक पाडलं. पुढच्या खेपेच्या गर्भांना तिने थेट हृदयातून शाई भरली. शाई रक्ताच्या वाटेने मेंदूभर गेली आणि प्रत्येक वाहिनी आतून काळी झाली. आता भिंत आणि भिंतीला टेकलेला वेगळे दिसणार होते. वाहिनीचं तिरपं टोक असेल तर त्याच्या पोटात शाई हवी. मग तिने मेंदू कापले, रंगवले, आणि एकेका तपकिरी फांदीवाल्याचा पुढच्या-मागच्या कापांतून पाठलाग केला. पुष्कळ खरोखरच भिंतीचे निघाले. तिथे सर बरोबर होते. निळे नुसते निळेच राहिलेले, म्हणजे बलकाकडचे, तर सगळीकडे होतेच. तिथेही सर बरोबर होते. पण मोठ्या गर्भांत फांद्या फुटलेले तपकिरी असे होते की त्यांच्या पोटात शाई नव्हती, अंगाला वाहिनी नव्हती, आणि आधीच्या किंवा नंतरच्या कुठल्याच कापात ते भिंतीला जाऊन मिळत नव्हते. ते शरीराकडून आले होते. थोडे होते, उशिरा आले होते, पण आले होते.

सरांची खोली प्रयोगशाळेच्या टोकाला होती. टेबलावर कागद नाही, खिडकीत रोप नाही, भिंतीवर घड्याळ तेवढं. त्यांनी तिच्या स्लाइड घेतल्या आणि बराच वेळ पाहिल्या. ते पाहत असताना मास्तरीण त्यांचा हात बघत होती. फोकसचं चाक ते केसभर पुढे आणि केसभर मागे फिरवत होते, जसं फक्त खूप वर्षं पाहिलेला माणूस फिरवतो.

"काप उत्तम आहेत," ते शेवटी म्हणाले. "निष्कर्ष चुकीचा आहे."

"का सर?"

"नवी वाहिनी फुटते तेव्हा तिचं टोक भरीव असतं. पोकळी नंतर येते. भरीव टोकात शाई जाईल कशी? तुम्ही ज्यांना राखणदार म्हणता ती फुटणारी टोकं आहेत."

आक्षेप पोकळ नव्हता. ती तो घरीच स्वतःला घालून आली होती. "टोक असेल तर मागे बुंधा हवा, सर. मी मागचे-पुढचे काप पाहिलेत. बुंधा नाही."

"कापताना एखादा काप हरवतो."

"एक हरवेल. प्रत्येक पेशीमागे नेमका तोच कसा हरवेल?"

सर खुर्चीत मागे रेलले. "मास्तरीणबाई, हा नियम मी उगाच नाही केला. त्या काळी लोक प्रत्येक तपकिरी डागाला राखणदार म्हणत सुटले होते. नुसती जत्रा होती. मी शिस्त आणली. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या दाखवायला आमच्याकडे साधन नव्हतं."

"शाई होती, सर. ती अंड्यात कशी सोडायची ते मला तुम्हीच शिकवलंत."

बोलून गेल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. सरांचा चेहरा लाल झाला नाही. तो नेहमीपेक्षा जास्त नीटनेटका झाला, आणि ते वाईट चिन्ह होतं.

"हे बघा," ते म्हणाले. आवाज शांत होता, जवळजवळ प्रेमळ. "तुमचं वय, तुमचा संसार, मला सगळं ठाऊक आहे. वाट अडवायची माझी इच्छा नाही. प्रबंधात नियम लावा. हे तपकिरी भिंतीत मोजा. मी उद्या सही करतो. पदवी घ्या, आणि मग हे शाईचं प्रकरण आपण दोघं मिळून सवडीने तपासू. तुमच्या नावाने छापू."

"आणि नाही लावला तर?"

"तर जे मला खोटं वाटतं त्याखाली मी सही करणार नाही. तुम्ही तरी केली असती का?"

हा शेवटचा प्रश्न तिला घरी जाताना रस्ताभर टोचत राहिला, कारण त्याचं उत्तर 'नाही' होतं.

घराची पुढची खोली नवऱ्याची होती. तो पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप दुरुस्त करायचा, त्यामुळे दारातून आत यायचं तर उघड्या मोटारींना वळसा घालावा लागे. आईचं राज्य मागे स्वयंपाकघरात. दोन्ही राज्यांच्या मध्ये एक पडदा होता आणि त्यातून टोमणे दोन्ही बाजूंना सुखरूप ये-जा करत.

"झाली का सही?" आईने आतूनच विचारलं.

"नाही."

"का? पेन हरवलं त्यांचं?"

मास्तरीण चप्पल काढून ओट्याशी जाऊन बसली आणि तिने सगळं सांगितलं. आईने पोळी उलटली, ऐकून घेतलं, आणि निकाल दिला. "मग लाव की तो नियम. तुझं काय जातं? कोंबडीच्या डोक्यात काय आहे हे कोंबडीलासुद्धा माहीत नाही."

"बटेरीच्या, आई."

"तिलाही नाही."

पडद्यापलीकडे स्क्रू-ड्रायव्हर खाली पडल्याचा आवाज आला. नवरा हसत होता.

"हसू नका, जावईबापू," आई म्हणाली. "एवढी वर्षं हिच्या शिक्षणापायी घर थांबलंय. सही झाली की पक्की नोकरी आहे. तुमचे पंखे काही आम्हाला वारा घालत नाहीत."

"आई, तुमच्याच डोक्यावरचा कालच दुरुस्त केला."

"आणि आज पुन्हा करकरतोय!"

मग तो आत आला, हात पुसत, आणि पाटावर बसला. आईसमोर तो नेहमी जरा कमी जागा घेऊन बसायचा. मास्तरीणला ते लग्नानंतर लगेच दिसलं होतं आणि मग सवयीने दिसेनासं झालं होतं.

"ते तुमचे घरजावई," तो म्हणाला, "तुझे सर म्हणतात सगळे एकाच घरचे. आणि तू म्हणतेस काही दुसऱ्या घरचे."

"हो."

"मग मिळून काय ते सांगून टाका. भांडण कशाला? आमच्या भाऊबंदांवरून संसार मोडू नकोस."

"भांडण नाही. त्यांनी मला सांगितलंय की जे दिसलं ते न दिसल्यासारखं मोज. पुढे बघू."

"पुढे बघू म्हणजे काय ते मला ठाऊक आहे," नवरा म्हणाला. "मी इथे राहायला आलो तेव्हा तुझी आईही म्हणाली होती, सध्या राहा, पुढे बघू."

आई पटकन म्हणाली, "मग? हाकललं का मी?"

"नाही हो. पण पाटीवर नाव अजून तुमचंच आहे."

आईने पोळी ताटात टाकली, जरा जास्तच जोरात, आणि त्या विषयाचं झाकण बंद झालं. मास्तरीणच्या मनात मात्र सरांचं बोलणं पुन्हा उलगडत गेलं. पदवीसाठी भिंतीत मोजलेल्या पेशी नंतर भिंतीतून बाहेर कशा काढायच्या? आपल्याच प्रबंधाला आपणच खोटं म्हणायचं? ज्याच्यावर सही घेतली त्याच्याविरुद्ध, सही देणाऱ्याच्या संमतीने? सांभाळूनही एकेकाळी असंच काहीतरी 'पुढे बघू' म्हणाला असेल. तेव्हापासून तो जपून बोलत आला होता.

"मी नियम लावणार नाही," ती म्हणाली.

"मग पदवी?" आईने विचारलं.

"मिळाली तर ठीक."

"आणि नाही मिळाली तर?"

"नाही मिळाली तर नाही."

आईने गॅस बंद केला. "तुझ्या बापाचीच तू," ती म्हणाली. या घरात याहून मोठी शिवी नव्हती, आणि ती देताना आईचा आवाज नेहमीसारखा लागला नाही.

सत्राच्या शेवटी प्रबंध ऐकायला विभागाची समिती बसायची; सही झालेली असो वा नसो, काम तिच्यापुढे मांडावं लागे. एका लांब खोलीत लांब टेबल, एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला विद्यार्थी, आणि मागच्या खुर्च्यांवर विभागातला ज्याला वेळ असेल तो. अध्यक्षा वनस्पतीशास्त्राच्या बाई होत्या. त्या कोणाचंही भाषण लांबलं की घड्याळ काढून टेबलावर ठेवत. त्यांच्या शेजारी किड्यांवर काम करणारे प्राध्यापक, ज्यांना सगळा विभाग भुंगा म्हणायचा, कारण ते सतत काहीतरी गुणगुणत. टोकाला सर. मागे सांभाळून.

मास्तरीणने आधी अंड्याची खिडकी दाखवली, मग सांधा, मग रंग.

"आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे," ती म्हणाली. "भिंतीला टेकलेलं ते भिंतीचं, आणि न टेकलेलं तेही भिंतीचंच. हा नियम मी या मोजणीत वापरलेला नाही. का नाही ते पुढच्या चित्रांत आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी खुर्ची सरकवली. तिने शाई भरलेले मेंदू दाखवले. भिंत काळ्या पोटाची, आणि शेजारी फांद्या पसरून बसलेला, रिकाम्या पोटाचा. तिने सरांचा आक्षेपही स्वतःच सांगितला, पूर्ण, त्यांच्याच शब्दांत, आणि मग पुढचे-मागचे काप एकामागून एक लावले. जे बलकाकडून आले तेच सर्वांत जास्त आहेत हेही सांगितलं. "सर त्याबाबतीत बरोबर आहेत," ती म्हणाली. "पण सगळे एकाच घरचे, हे बरोबर नाही."

अध्यक्षाबाईंनी घड्याळ काढलंच नव्हतं. त्या सरांकडे वळल्या. "आपलं म्हणणं?"

"माझं म्हणणं यांना माहीत आहे. यांनीच ते माझ्यापेक्षा बरं मांडलं." सर म्हणाले. "मला ते अजून मान्य आहे. मी या प्रबंधावर सही करणार नाही."

"मग मला मार्गदर्शक बदलून द्या," मास्तरीण म्हणाली.

खोलीत कुजबुज उठली. मार्गदर्शक बदलणं ही गोष्ट विभागात घटस्फोटासारखी मानली जाई. होत असे, पण दाराआड. अध्यक्षाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, नियम माहीत आहे ना? मार्गदर्शक बदलला तर नोंदणी नव्याने. काम नव्याने. जुन्या प्रयोगशाळेतलं काही नेता येत नाही."

"माहीत आहे."

"स्लाइड प्रयोगशाळेच्या राहतील," सर म्हणाले.

"राहू द्या. त्या मी पुन्हा करीन."

"आणि घेणार कोण तुम्हाला?" अध्यक्षाबाईंनी विचारलं, आणि हा प्रश्न खोलीभर फिरून कोणाच्याही पायाशी थांबेना. सांभाळूनने मान खाली घातली. मग गुणगुणणं बंद झालं.

"माझ्याकडे एक खोली मोकळी आहे," भुंगा म्हणाले. "नळ गळतो. आणि मला अंड्यातलं ओ की ठो कळत नाही. माझा संबंध झुरळांशी."

"मला कळतं, सर," मास्तरीण म्हणाली.

कोणीतरी हसलं. भुंगाही हसले. "मग या. माझ्या झुरळांना घाबरत नसाल तर."

"शाळेत शिकवलंय मी."

अध्यक्षाबाईंनी लेखनिकाला कागद काढायला सांगितलं. मार्गदर्शक बदलाच्या अर्जात कारणासाठी एक ओळ असते. लेखनिकाने विचारलंही नाही. त्याच्या हाताला सवय होती. त्याने लिहिलं: वैयक्तिक कारण.

"थांबा," मास्तरीण म्हणाली. "कारण वैयक्तिक नाही."

अध्यक्षाबाई पुढे वाकल्या. "हे सगळ्यांसाठी बरं असतं, बाई. तुमच्यासाठीही. कोणाला काही विचारता येत नाही."

"म्हणूनच नको. उद्या कोणी विचारलं तर त्याला कळायला हवं. माझं सरांशी वैयक्तिक काही नाही. कात्री धरायला मी त्यांच्याकडे शिकले. कारण पेशींचं आहे. तसंच लिहा."

लेखनिकाने अध्यक्षाबाईंकडे पाहिलं. अध्यक्षाबाईंनी सरांकडे. सरांनी कशाकडेच पाहिलं नाही. मग अध्यक्षाबाई म्हणाल्या, "लिहा," आणि त्याने आधीचं खोडून लिहिलं: मेंदूतील राखणदार पेशींच्या उगमाबाबत मार्गदर्शकांशी मतभेद.

कागद टेबलावरून सरकत सरांपुढे आला. त्यांनी तो वाचला. ते काहीही न वाचता सही करत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं. पण एका ओळीला त्यांनी एवढा वेळ लावलेला कोणी पाहिला नव्हता. मग त्यांनी पेन उघडलं आणि एक शब्द खोडला.

"मतभेद नाही," ते म्हणाले. "मत माझं असेल. यांनी मोजलंय." आणि वर बारीक, सुबक अक्षरात लिहिलं: मोजणीत फरक.

खाली त्यांनी सही केली. ज्या सहीसाठी मास्तरीणने एवढी वर्षं घातली होती, ती शेवटी या कागदावर आली. तिने स्वतःची सही तिच्या शेजारी केली. अक्षर वाकडं आलं नाही.

बाहेर बोळात सांभाळूनने तिला गाठलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, त्याचे ओठ हलले, आणि सवयीने बाहेर तेच आलं: "जरा..."

"बोल ना. काय?"

"काही नाही." मग एकदम म्हणाला, "माझ्या प्रबंधातल्याही काही स्लाइड आहेत. कपाटात. त्यांतलेही मी भिंतीत मोजले होते. कधी वेळ झाला तर... मीच बघीन म्हणतो. शाई नाहीये त्यांत. पण पुढचे-मागचे काप आहेत."

"बघ," ती म्हणाली. "आणि जे दिसेल ते मोज."

भुंगा यांची खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला होती. नळ गळत होता, खरंच. टेबलावर झुरळांचे काचेचे डबे होते आणि त्यांच्यामागे एक रिकामी फळी. मास्तरीणने फळीवरची धूळ हाताने पुसली, तिची लांबी वितेने मोजली आणि तिथे अंड्यांचा इन्क्युबेटर बसेल असं ठरवलं. मग तिने पक्षीपालन करणाऱ्या माणसाला फोन लावला.

"कोण, मास्तरीणबाई? तुमचं तर झालं म्हणाला होतात."

"झालं होतं. आता पुन्हा करायचंय."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"अरे देवा. काय चुकलं?"

"माझं काही चुकलं नाही," मास्तरीण म्हणाली. "कोंबडीची आणि बटेरीची, दोन्ही अंडी एकाच दिवशी घातलेली हवीत. थंडीत ठेवलेली नकोत. आणि यावेळी पत्ता बदललाय, लिहून घ्या."